पोळपाटावरचं लाल बटण

वैशाखातल्या उन्हाला आमच्या भोकरदनच्या गच्चीवर एक वेगळाच गंध असतो. वाळत घातलेल्या कुरडयांचा आंबूस, तापलेल्या टाकीचा उग्र, आणि या दोहोंना छेद देत नाकात झोंबणारा तिसरा, केस रंगवताना पार्लरमध्ये रंगात कालवतात त्या डेव्हलपर क्रीमचा. हा तिसरा गंध म्हणजे माझी निर्मलाकाकू. कुरडयांच्या साडीपासून हातभर अंतर राखून ती जुन्या टीव्ही-गेमची कवचं मांडते. वर्षानुवर्षं माळ्यावर पडून ती हळदीसारखी पिवळी झालेली असतात. त्यांना ती पांढरं क्रीम फासते, वर पारदर्शक कागद गुंडाळते, आणि हातमोजे घातलेल्या हातांनी थोड्या थोड्या वेळानं प्रत्येकाची कूस बदलते. न्हाऊ घातलेल्या बाळाला पालथं करावं, तसा तो स्पर्श. ऊन कलता कलता त्या प्लॅस्टिकमधला पिवळेपणा मागे सरतो आणि त्याच्या तळाशी झोपलेला मूळचा राखाडी रंग डोळे उघडतो. ज्या उन्हानं आमच्या भागातली माणसं रापतात, त्याच उन्हाकडून काकू वस्तूंचं तारुण्य वसूल करते.

तिचं पार्लर घराच्या पुढच्या खोलीत. मागच्या खोलीत तिचं दुसरं जग: जुन्या जालन्यातल्या भंगारवाल्यांकडून आणलेले गेमचे डबे, कॅसेटी, वेटोळलेल्या वायरी आणि मोठ्या पोटाचा एक काचेचा टीव्ही. सोल्डर करताना राळेचा धूर उठतो आणि त्या धुरामागे तिचा चेहरा आरतीच्या वेळी दिसावा तसा अर्धा उजळ, अर्धा गूढ होतो. हे सगळं ती मोबाईलवर बघून बघून शिकली. पहिला डबा तिनं जास्त तापवून पार वितळवला होता. तो अजून फळीवर आहे. कुणी हसलं की ती आपणहून तो दाखवते.

हसणारे खूप. भुवया कोरून घ्यायला आलेली एखादी बाई आतल्या खोलीत डोकावून म्हणते, "ओ निर्मलाबाई, चेहरे उजळायचे सोडून डबडी उजळून राह्यल्या का?"

"चेहरा घेऊन तुला परत यावं लागतं," काकू दुसरीच्या भुवईवरचा दोरा न थांबवता म्हणते. "डबडं एकदा उजळलं की उजळलं."

ती ते डबे विकत नाही. 'मंग फायदा काय?' हा प्रश्न आमच्या गल्लीत सूर्यासारखा रोज उगवतो. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, आणि हे मी ठासूनच सांगते, कारण ती पदवी मला कुणी ताटात वाढलेली नाही. वाङ्मयाच्या तासाला मी शिकले, की ज्याचा काही उपयोग नाही तेही माणूस जिवापाड करतो. बरं झालं शिकले. आता फायदा विचारणाऱ्याला मी सरळ सांगते, फायदा न्हाई, काय म्हणणं आहे?

पण त्या डब्यांपैकी एकाची गोष्ट निराळी आहे. तो भास्करकाकांचा, म्हणजे काकूच्या नवऱ्याचा. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी जालन्याहून तो आणला होता, आणि नव्या नवरीला शेजारी बसवून रणगाड्यांचा खेळ शिकवला होता. पडद्याच्या तळाशी विटांची एक इवलीशी तटबंदी, वरून शत्रूचे रणगाडे उतरतात, आणि दोघांनी मिळून ती तटबंदी राखायची. डाव्या अंगठ्यानं रणगाडा वळवायचा, उजव्या अंगठ्यानं गोळी झाडायची. कॅसेट अडकली की काका तिच्या तोंडात फुंकर मारत, सगळा देश मारायचा तशी. त्या फुंकरीतल्या ओलाव्यानं आतली तांब्याची पट्टी गंजते हे तेव्हा ठाऊक कुणाला होतं! आता काकू कुणाला फुंकू देत नाही. कापसाच्या काडीला स्पिरिट लावून पट्टी पुसते, आणि फुंकणाऱ्याच्या हातावर चापट मारते.

पुढे एका सुगीत, पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात, सोयाबीनच्या मळणीयंत्रानं काकांचा उजवा हात मनगटाच्या वरून नेला. तेव्हापासून त्या हाताच्या उरलेल्या भागावर कायम टॉवेल. जेवताना टॉवेल, बाजारात टॉवेल, लग्नाच्या पंगतीत इस्त्रीचा टॉवेल. घरानंही तो टॉवेल असा स्वीकारला, की जणू हाताऐवजी त्यांना टॉवेलच फुटला होता. काका काकूशी फक्त एकदा बोलले होते त्या हाताबद्दल. म्हणाले होते, "निर्मला, तो अंगठा अजून गोळ्या झाडून राह्यला बघ."

त्या एका वाक्यावर काकूनं हा सगळा संसार मांडला, हे मला उशिरा कळलं. काकांचा डबा उजळला, चालू झाला, आणि मग प्रश्न आला हातात धरायच्या रिमोटचा, त्याला दोन अंगठे लागतात. ओळखीच्या वायरमननं सोपी वाट सुचवली: गोळीचं बटण डावीकडे घ्या, एका हाताचं काम. माझ्या वडिलांनाही ते पटलं. आमच्याकडे मोठा दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही. त्यामुळे अण्णा माझ्याकडे बघून, पण तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "स्वाती, काकूला म्हणाव, तसंच करा. हात झाकलेला राहील."

काकूनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तीही माझ्याकडेच बघून म्हणाली, "अण्णांना म्हणाव, झाकायला यांनी काय कुणाचं चोरून आणलंय का?"

मी मधल्या मध्ये खांबासारखी उभी. दोघांनीही एकमेकांचं बराबर ऐकलं होतं.

मग एका सकाळी स्वयंपाकघरातला पोळपाट नाहीसा झाला. माझी आई शोधून शोधून दमली आणि मागच्या खोलीत आली, तर पोळपाटाच्या बरोबर मध्यावर भोक, आणि त्यात मुठीएवढं लाल बटण, एके काळच्या गेम पार्लरच्या यंत्रातून काढलेलं. खालून वायर निघून रिमोटच्या पोटात शिरली होती.

"अगं बाई! आता पोळ्या कशावर लाटू?"

"भाकरी थापा ना वहिनी. तिला कुठं पोळपाट लागतो?"

तो पोळपाट तिनं टीव्हीसमोर उजव्या अंगाला ठेवला. बोटं नसलेल्या हातानंही दाबता येईल असं ते बटण होतं. फक्त त्यासाठी हात टॉवेलाबाहेर काढावा लागणार होता. काकांनी ते पाहिलं. मग उठून, चपला घालून, बाहेर निघून गेले. आई म्हणाली, "निर्मला, लई कठोर झालीस गं तू." काकूनं पोळपाट तिथून हलवला नाही.

त्यानंतर रोज, दिवेलागणीच्या थोडं आधी, पश्चिमेचं तिरपं ऊन त्या काचेवर गुलाल सांडत असे, तेव्हा ती दोघांचा खेळ लावून एकटीच बसायची. तिचा रणगाडा धावायचा. दुसरा तटबंदीशेजारी मुका उभा राहायचा, गोळ्या खायचा, फुटायचा, पुन्हा प्रकट होऊन पुन्हा मुका उभा. तिनं काकांना एकदाही हाक मारली नाही. पार्लरमध्ये बायकांचे केस कापता कापता जी बडबड अखंड चालते, ती या खोलीच्या उंबऱ्यावर थांबायची. काका ओट्यावर बसून रस्ता बघायचे, आणि आतून दुसरा रणगाडा फुटल्याचा आवाज आला की त्यांच्या टॉवेलाखाली काहीतरी हलायचं. मला भीती वाटायची, की हिच्या या हट्टात काका तिच्यापासून कायमचे दूर जातील. तिलाही वाटत असणार. तिच्या रिमोटच्या कडा घामानं ओल्या असत.

माझ्या चुलतबहिणीला, मधल्या काकांच्या मुलीला, बघायला पाहुणे आले, त्या दिवशी घर भरलं होतं. काकूनं चहा दिला, पोहे दिले, आणि आपली वेळ झाली तशी शांतपणे मागच्या खोलीत जाऊन बसली. खोलीचं दार बैठकीतच उघडतं. विटा फुटल्याचा आवाज आला. काका पाहुण्यांमधून उठले. तिच्या शेजारी मांडी घातली, डाव्या हातानं टॉवेल ओढून खांद्यावर टाकला, आणि तो उरलेला हात, उन्हाची ओळख विसरलेला, फिकट, लहान मुलाच्या टाचेसारखा गुळगुळीत, सगळ्यांच्या देखत लाल बटणावर ठेवला.

बैठकीतले कप वाजायचे थांबले. अण्णा खाकरले. "स्वाती, काकांना म्हणाव, पाहुणे बसलेत."

काकांनी मान वळवली नाही. "पाहुण्यांना म्हणाव," ते म्हणाले, "दुसरा रिमोट रिकामा न्हाई."

पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्याला हसू फुटलं, आणि कप पुन्हा वाजायला लागले. खेळ ते दोघं लगेच हरले. काकांचा नेम पार हुकत होता, आणि काकू ओरडत होती, "अहो इकडं, इकडं बघा, विटा फुटून राह्यल्या!" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता. लगेच दुसरा डाव लागला.

त्या मुलाकडून होकार आला की नाही, हे गल्लीनं पुढे पुष्कळ चघळलं. मला आठवतो तो फिकट हात, आणि लाल बटणावर पडणारी त्याची थाप, आधी अडखळती, मग मोकळी. काळ माणसाचं काही ना काही नेतोच, त्याच्याशी कुणाचं भांडण चालत नाही. पण नेलेल्याच्या जागी जी पोकळी उरते ती आपल्या मालकीची असते; तिला लाजेनं झाकून ठेवलं की माणूस दुसऱ्यांदा हरवतो, आणि उजेडात आणून कामाला लावलं, की आठवण नुसती दुखत बसत नाही, ती परतून त्या काळावरच वार करते.