डावा गाल

चिमाला आता सातवं लागलंय. परवा तिला म्हटलं, दहा मिनिटं खुर्चीत बस, तुझं चित्र काढते. तिसऱ्या मिनिटाला तिला तहान लागली, चौथ्याला खिडकीत मांजर दिसलं, आणि पाचव्याला ती अंगणात होती. कागदावर एक कपाळ आणि अर्धा कान तेवढा राहिला. त्या अर्ध्या कानाकडे बघता बघता मला खालापूरचं घर आठवलं, आणि मग दिवसभर काही सुचलं नाही.

तेव्हा घरात आम्ही तिघीच. मी, सासूबाई आणि पाळण्यातली चिमा. हे एडनला, बंदराच्या कचेरीत कारकून. चिमा जन्मायच्या चार महिने आधी बोटीत बसले, दोन वर्षांच्या करारावर. मुलगी झाल्याचं त्यांना तारेनं कळलं. नंतर प्रत्येक पत्रात एकच विचारणा: "कशी दिसते?"

फोटो काढायचा तर पुणं नाहीतर मुंबई. म्हणजे बैलगाडीनं खोपोली, तिथून आगगाडी, कर्जतला पुन्हा गाडी बदलायची. एवढ्याशा जिवाला इंजिनाच्या धुरात आणि परक्यांच्या खोकल्यात न्यायची माझी छाती नव्हती. माझी छाती कशालाच नव्हती म्हणा. ती झोपली की नाकाशी बोट धरून श्वास लागतो का बघायची, आणि लागला की पुन्हा बघायची. बी. ए. झालेली बाई, पण वाऱ्यानं दार वाजलं तरी पाळण्याकडे धावायची.

शाळेत असताना ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा मी दिल्या होत्या. म्हटलं, आपणच काढून पाठवू. पहिलं चित्र काढलं ते मास्तरांनी शिकवलेल्या मापानं. हात लांब करायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीवर अंगठा सरकवत माप घ्यायचं. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर. सासूबाईंनी कागद दूर धरून पाहिला.

"हा तर कर्जतचा स्टेशनमास्तर," त्या म्हणाल्या. "टोपी तेवढी घाल."

खरंच तसं झालं होतं, तरी तेच पाठवलं. मास्तरांचं माप मोठ्या माणसाचं. तान्ह्या बाळाचे डोळे मध्याच्या खाली असतात, कपाळच निम्मं डोकं असतं, हनुवटी म्हणजे नुसता एक ठिपका. हे मला सांगितलं सुंदरानं.

सुंदरा चिमाला न्हाऊमाखू घालायला यायची. नदीपलीकडच्या वाडीतली कुणबीण, पन्नाशीची, हात लाकडासारखे कडक आणि तरी चिमा त्या हातांखाली कधी रडली नाही. न्हाणीत पाय लांब करून बसायची, चिमाला पायांवर आडवी घ्यायची, कोमट खोबरेल तेल डोक्यापासून जिरवत आणायची. मग दोन बोटांनी नाक वर ओढायची, तळव्यांनी डोकं गोल दाबायची, कपाळावर अंगठे दोन्हीकडे सारवल्यासारखे फिरवायची.

"चित्र काय काढता वैनीबाय," ती म्हणायची. "त्वांड अजून व्हायचं हाय. नाक माज्या हातात हाय, वर वडीन तसं यील."

"मग काढू कसं?"

"डोळ्यांनी नका बगू. हात लावून बगा."

मी हात लावून पाहिलं. पुढची दोन चित्रं जमली. एडनहून पत्र आलं, की खोलीतल्या सोबत्यांना जेवणाआधी चित्र दाखवलं आणि आमटी गार झाली.

आमच्या घरी पत्राची एक पद्धत होती. आलेलं पत्र मोठ्यानं वाचायचं, आणि जाणारं पत्र पाकिटात घालण्याआधी तेही मोठ्यानं वाचायचं. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती, पण त्यांच्या कानावरून गेल्याशिवाय पाकिटाला डिंक लागत नसे. मध्येच थांबवून त्या वाक्य बदलायला लावत. सुंदरा असली तर तीही उंबऱ्याशी बसून ऐके आणि म्हणे, "माजा रामराम लिवा."

चौथं चित्र काढायचं होतं ते श्रावणात. सकाळ असून माजघरात अंधार. न्हाणं झालं होतं आणि सुंदरा चिमाला शेगडीवर धुरी देत होती. निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, लसणीच्या साली. वर दोन्ही हातांत धरलेली चिमा. खालून निखाऱ्यांचा तांबूस उजेड तिच्या गालांवर आला होता, आणि मी कितीतरी दिवस शोधत होते तो चेहरा एकदम समोर दिसला. मी धावत कागद आणला.

"अशीच धर सुंदरा. जरा खाली. हलू नकोस."

"वैनीबाय, इस्तव जवळ हाय."

"झालंच गं. डोळे तेवढे घेते."

रोज या वेळेपर्यंत चिमा माझ्या मांडीवर आलेली असे. मग सासूबाई मोहरी-मीठ तिच्यावरून उतरवून शेगडीत टाकत. त्या दिवशीही त्या रोजच्याच वेळेला आल्या, मागूनच मूठ ओवाळली आणि सवयीनं निखाऱ्यात टाकली. मोहरी तडतडली, एक कोळसा फुटला आणि त्याचा तुकडा चिमाच्या डाव्या गालावर, डोळ्याच्या बोटभर खाली, बसला.

ती किंकाळी मला अजून ऐकू येते. कोरफड लावली, दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, डोळा वाचला. मी चिमाला उराशी धरून बसले होते आणि सासूबाई सुंदरावर ओरडत होत्या.

"हात झडले होते का गं तुझे? पोर निखाऱ्यावर धरतात?"

सुंदरानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

गप्प बसायचं असं मी ठरवलं नव्हतं. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते सांगणं कालच्यापेक्षा अवघड झालं, तिसऱ्या दिवशी त्याहून. तोवर नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांमध्ये गोष्ट फिरली होती: सुंदरानं पोर भाजलं. तिची तीन घरं सुटली. आमचं सुटलं नाही, कारण चिमा दुसऱ्या कुणाच्या हाती राहीना; पण सासूबाई रोज तिला ऐकवायच्या. ती ऐकून घ्यायची आणि तेल गरम करायची.

गालावर चिंचोक्याएवढा चकाकता डाग राहिला. मी त्यानंतर चिमाला एका बाजूनंच काढू लागले. उजवा गाल, उजवा कान, नाकाची रेघ. सहा महिने, सहा चित्रं. एडनला डागाबद्दल एक अक्षर गेलं नाही. "एवढ्या लांब त्याच्या जिवाला घोर नको," असं सासूबाईच म्हणाल्या, आणि मला ते किती बरं वाटलं!

एकदा सुंदरानं चित्र पाहिलं. हात पुसले, कागदावरून तळवा फिरवला.

"ग्वाड हाय. कुनाची म्हनायची ही?"

"चिमा गं!"

"आमची चिमी नाय. पावनी असंल कुनी."

चिमाला दहावा महिना लागला तेव्हा यांचं पत्र आलं. पद्धतीप्रमाणे मी वाचायला लागले, आणि दुसऱ्या पानावर माझी जीभ अडली. लिहिलं होतं: "पहिल्या तीन चित्रांत ती माझ्याकडे बघत होती. मग सहा वेळा तोंड फिरवून बसली. इथला सोबती म्हणतो, तुझी लेक रुपयावरच्या राजासारखी एकाच बाजूला बघते. मी हसलो, पण रात्री सगळी चित्रं ओळीनं मांडली. डावीकडे काय आहे? जे असेल ते असू दे. मी बोटीतून उतरेन तेव्हा तिला चुकून दुसऱ्याच कुणाची समजू नये, एवढंच."

त्या ओळी मी गाळल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात पत्र अर्धं वाचलं.

"एवढंच?" सासूबाई म्हणाल्या. "दोन पानं तर दिसतायत."

"अक्षर मोठं आहे."

दुसऱ्या दिवशी न्हाणं उरकल्यावर मी सुंदराला म्हटलं, "चिमाला घेऊन बस. तोंड माझ्याकडे. डावा गाल उजेडाला."

ती अंगणाकडच्या दारात बसली, चिमाला मांडीवर उभी केली. थंडी ओसरून ऊन आलं होतं, समोर वालाच्या शेंगा भरल्या होत्या. मी माप घेतलं, कपाळ काढलं, डोळे काढले. गालाशी आले आणि अडले. डाग काढावा तर शेण लागल्यासारखा दिसे. खोडावा तर चिमा पुन्हा पाहुणी होई. तीनदा खोडलं. कागदाला तिथे लव आली.

"वर गेला," सुंदरा म्हणाली. "खाली घ्या. आन काळा का करता? काळा कुठं हाय? चकाकतो तो."

तेव्हा कळलं. तो डाग काढायचा नव्हताच. त्याच्याभोवतीचा गाल काढायचा होता, आणि तेवढा कागद कोरा सोडायचा होता. मी हलक्या हातानं भोवती छाया भरत गेले. चिमानं सुंदराची नथ धरून ओढली आणि हसली. हसताना तो डाग वर सरकून डोळ्याची खालची कड किंचित दुमडली. ती दुमड मी काढली. आणि कागदावरची पोर माझ्याकडे बघायला लागली.

"आली," सुंदरा म्हणाली. "ही चिमी."

मग चिमाच्या मुठीतून नथ सोडवत, "हिरामनच्या सुनंचे दिस भरलेत. चौक गावावरनं न्हाऊ घालाया बाई आननार म्हनं."

हिरामणचं घर सुंदराच्या दारातून दिसायचं. त्या घरातली तीन मुलं तिच्या पायांवर वाढली होती.

"सुंदरा," मी म्हटलं, "तू कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलू? सासूम्होरं सुनंला पाडू? तुमी राहनार घरात. मी काय, घटकाभरची."

त्या दुपारी मी पत्र लिहिलं. तिला जायला दिलं नाही. म्हटलं, रामराम घालायचा ना, बस. सासूबाई पाट घेऊन भिंतीला टेकल्या. मी आधी काल गाळलेल्या ओळी वाचल्या. त्यांच्या भुवया वर गेल्या, पण त्यांनी अडवलं नाही. मग माझं पत्र वाचलं. "शेगडीवर जरा खाली धर असं सुंदराला मी सांगितलं. ती नको म्हणत होती. मला चित्र हवं होतं. ठिणगी उडाली, आणि घरात व गावात नाव सुंदराचं झालं, आणि मी सहा महिने गप्प बसले." शेवटी चित्र समोर ठेवलं.

सासूबाईंनी ते उचललं नाही. वाकून बघत राहिल्या.

"झालं वाचून?"

"झालं."

"कुठे झालं? मोहरी कुणी टाकली?"

मी कागद खाली ठेवला.

"लिही. मोहरी आईनं टाकली, न बघता. 'न बघता' नीट लिही, नाहीतर वाटेल मुद्दाम टाकली."

"अवं माई, आता तुमीबी?" सुंदरा पुढेच सरकली. "मग माजंबी लिवा. वैनीबाय म्हनली म्हून काय इस्तवावर पोर धरायची? मला अक्कल नव्हती?"

"तू गप गं! तुझं सहा महिने लिहून झालंय." सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "ऊठ. हिरामणकडे जायचंय."

"मी कशाला?"

"मी बोलेन तेव्हा तू समोर नकोस? आणि त्या चौकच्या बाईला पोराचं नाक ओढता येतं का, ते मला विचारायचंय."

दोघी बांधावरून गेल्या, सासूबाई पुढे, सुंदरा चार पावलं मागे. मागे राहून सुंदरा काहीतरी पुटपुटत होती आणि सासूबाई वळून तिला गप्प करत होत्या. मी ओळ लिहिली, डिंक लावला.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. मी ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचलं, दोघींसमोर. डोळा नीट मिटतो का, डॉक्टरांना पुन्हा दाखव, असं आधी होतं. माझ्यावर राग होता, तोही होता. चार ओळी, सरळ. त्या वाचताना माझी मान वर उठली नाही. मग लिहिलं होतं, "ही भिंतीवर लावली आहे. बाकीच्या सहा पेटीत आहेत." आणि खाली, "आईला सांग, यापुढे मोहरी टाकताना पोर कुठे आहे ते बघत जा."

सासूबाई उठून आत गेल्या. चार दिवस त्यांनी मुलाला एक शब्द लिहायला सांगितला नाही. पाचव्या दिवशी मी पत्राला बसले तेव्हा स्वयंपाकघरातूनच आवाज आला:

"त्याला लिही, एवढं कळतंय तर ये म्हणावं घरी आणि पोर धर शेगडीजवळ तूच!"

मी लिहिलं. उंबऱ्यावरून सुंदरा म्हणाली, "आन माजा रामराम. घाईत हाय म्हनावं, हिरामनच्या घरी पानी तापलं असंल."