हितं पाणी न्हाई

"पुन्हा वाच," राघू म्हणाला.

शौकतने दुरुस्तीला आलेली पाण्याची मोटार बाजूला सरकवली, हात पुसले आणि माहितीच्या अधिकारात मिळालेला कागद डोळ्यांजवळ धरला. "'सदर जागेत ओढा नसून पावसाळी ओघळ आहे. बारमाही पाणी नाही, असे स्थानिक मेंढपाळ राघू यांनी समक्ष सांगितले.' खाली अंगठा हाय, काका. तुमचाच."

दोन वर्षांपूर्वीची ती दुपार राघूला लख्ख आठवली. ओढ्याकाठी मेंढरं बसली होती. जीपमधून तीन साहेब उतरले. "बाबा, इथं पाणी असतं का हो?" एकाने विचारलं. राघू पटकन म्हणाला होता, "हितं कुठलं पाणी, राव!" मग भेटल्याची खूण म्हणून त्यांनी अंगठा मागितला आणि त्याने दिला.

परक्याला पाणी दाखवायचं नाही, हे बापाने त्याला चालता यायला लागल्यापासून शिकवलेलं. पाणी सांगितलं की दुसऱ्याचा कळप उतरतो नि आपली मेंढरं तहानलेली राहतात. उभा जन्म राघूने विचारणाऱ्याला वाट चुकवली, तशीच साहेबांनाही चुकवली. साहेब काही मेंढरं घेऊन आलेले नाहीत, एवढं त्याच्या डोक्यात आलं नाही.

त्यानंतर वरच्या अंगाचा ओढा मुरमाने भरला. डोंगरापासून उतरणारी करंज-उंबरांची दाटी आठवड्यात गेली. प्लॉट पडले, भिंत आली. पण ओढा काही राघूला सोडेना. मेंढरं अजून तिथेच थबकायची आणि कोरड्या मुरमाला तोंड लावायची. बिबट्याही जुन्याच वाटेने यायचा. सकाळी ठसे सरळ भिंतीपर्यंत गेलेले दिसायचे, तिथे चार येरझाऱ्या, मग वस्तीकडे वळलेले. भाकरी खाताना राघूच्या कानात पाणी वाजायचं. सून सुप्रिया म्हणायची, "नळ बंदच हाय, मामा." मेलेला ओढा आपल्याच मागे का लागला, ते त्याला आज कळलं.

"आता रं?"

"खालच्या टप्प्याचं काम सोमवारी चालू व्हतंय," शौकत म्हणाला. "त्यो बी भरला की नदीपस्तोर सगळं संपलं. सगळ्या हिरी आटत्याल. तुमी तहसीलला जबाब फिरवला तरच आडंल. पण खोटं सांगितलं म्हणून तुमच्यावरच उलटंल. घरी विचारा आदी."

राघूने घरी विचारलं नाही.

कचेरीतल्या तहसीलदार बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. "आजोबा, तेव्हा खोटं बोललात. मग आजचं खरं कशावरून?"

"त्येव्हा सवयीनं बोललो, बाई. आज लाज वाटतीया म्हणून बोलतोय."

"गुन्हा दाखल होऊ शकतो."

"व्हऊ द्या."

"मग पाणी कुठं कुठं होतं ते सांगा."

राघूने तोंड उघडलं आणि बाप पाठीशी येऊन उभा राहिल्यासारखं त्याला वाटलं. "चिंचंखालचा डोह. बैल बुडंल येवढा. मंग कपारीतला पाझर, वैशाखातबी बोटभर धार..." एकेक जागा सांगताना त्याला स्वतःच्याच घरात चोरी केल्यागत होत होतं.

"हे सगळं तर आता मुरमाखाली आहे," बाई म्हणाल्या. "आज दिसेल असं काही आहे?"

खालच्या टप्प्यात वाळूखाली एक झरा होता. तो बापालाही ठाऊक नव्हता. सरुबाईने, राघूच्या बायकोने, नव्या नवरीपणी हाताने वाळू उकरून तो काढला होता आणि कुणाला सांगाल तर माझ्या गळ्याची आण, असं म्हणाली होती. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"हाय," तो म्हणाला. "चला, दावतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप ओढ्याच्या तळाशी थांबली. प्लॉटवाल्यांची माणसं हसत उभी होती. राघू गुडघ्यांवर बसला, करंजाच्या मुळापासून चार पावलं मोजून वाळू उकरू लागला. कोपरापर्यंत हात गेला. वाळू ओली झाली, मग काळी पडली, मग खड्ड्यात हळूहळू नितळ पाणी चढलं.

"पाणी आहे, लिहा," बाई लिपिकाला म्हणाल्या. "निकाल होईपर्यंत सोमवारचं काम बंद."

शौकतने राघूच्या पाठीवर हात ठेवला. बाकीचे सगळे पुढे सरकले. मयताचं तोंड बघायला येतात तशी माणसं एकेक करून खड्ड्यावर वाकत होती, फोटो काढत होती, बाजूला होत होती. राघूने मुंडासं काढलं आणि सगळ्यांचं बघून होईपर्यंत तो उन्हात उभा राहिला.