कोपऱ्यातलं टेबल

सकाळपासून फिलिपा सांगायची आणि रेसी मान डोलवायची. साल्झबुर्गला शिकायला येऊन रेसीला उणेपुरे चार महिने झाले होते. बालमैत्रीण व्रोनी डोंगरातल्या गावाहून खास तिला भेटायला आली, तर जेवायचं कुठे हेसुद्धा ही नवी मैत्रीणच ठरवणार!

"नदीकाठी जाऊ. आम्ही दोघी नेहमी तिथेच जातो," फिलिपा म्हणाली.

'आम्ही दोघी' ऐकून व्रोनीच्या अंगाचा तिळपापड झाला. "मी तर बाई इथेच जेवणार!" म्हणत ती समोरच्या जुन्या खानावळीत घुसली आणि कोपऱ्यातल्या मोठ्या टेबलाशी ऐटीत बसली. गावातल्या खानावळीत आजोबांच्या मांडीवर बसून ती अशाच टेबलाशी वाढली होती.

"अगं ऊठ! रोजच्या मंडळींचं टेबल आहे ते, पाटी दिसत नाही का?" फिलिपा खिदळली. तेवढ्यात चार म्हातारे समोर येऊन उभे राहिलेच. व्रोनीचे कान लाल झाले.

एकाने चष्म्यावरून पाहत विचारलं, "कुणाची गं तू?"

हा तर थेट गावाकडचा प्रश्न! व्रोनी बापाचं नाव सांगणार, इतक्यात रेसी म्हणाली, "माझी आहे, आजोबा. आमच्या गावची."

"मग बस की! तुम्हीपण या गं पोरींनो."

रेसी बसली, फिलिपा मात्र उभीच राहिली. तिचा तो पडलेला चेहरा व्रोनीने लगेच ओळखला. तोच घेऊन तर ती स्वतः सकाळपासून हिंडत होती. क्षणभर तिला गुदगुल्या झाल्या. मग बाकावर सरकत ती म्हणाली, "ये गं. काय मागवायचं ते तू सांग."