रागीट कातडी

धामणगाव बढ्याच्या किसनरावांना दोन सुना होत्या. थोरल्या गोजरबाईला कधी काही होत नसे. धाकट्या कोकिळेला सगळं होत असे. नवा महाराष्ट्र होऊन दोनतीन वर्षं झाली होती, आणि राज्यात जे काही नवीन येतं ते आधी कोकिळेच्या अंगावर उठतं, असं गोजरबाईचं स्पष्ट मत होतं.

कोकिळा खामगावची. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात सासूनं, म्हणजे पुष्पाबाईंनी, तिला वाळल्या मिरच्यांचे देठ खुडायला बसवलं आणि दिवस मावळेपर्यंत तिचे हात कोपरापर्यंत लालबुंद झाले. मग अख्खी गल्ली मदतीला धावली. एकीनं कडुलिंबाचा पाला वाटून थापला, दुसरीनं त्यावर लिंबू पिळलं, तिसरीनं चुलीतली राख चोळली, आणि शेवटी पुष्पाबाईंनी हे सगळे उपकार धुण्याच्या सोड्यानं खसाखसा धुऊन काढले. हात भाजल्या वांग्यासारखे सोलायला लागले तेव्हा देवी टोचायला गावात आलेल्या सिंधूताई नर्सबाईंना हाक गेली.

सिंधूताईंनी काय काय लावलं ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मीठ काऊन सोडलं?"

पुष्पाबाईंनी सोड्याचा डबा पदराआड केला.

"हे पाहा, काही कातडी मुळात रागीट असते. तुमच्या घरात कोणी रागीट माणूस हाय का?"

सगळ्यांच्या नजरा ओसरीकडे गेल्या. तिथं किसनराव बसले होते. चहात साखर कमी पडली म्हणून त्यांनी कपबशी उकिरड्यापर्यंत पोचवल्याला अजून आठवडा झाला नव्हता.

"मंग तुमाले शिकवाचं कामच नाही," सिंधूताई आवाज उतरवून म्हणाल्या. "त्यायच्यासंग वागता तसंच हिच्या कातडीसंग वागा. कडकडीत पाणी नको, गार असू द्या. घासू नका. रोज नवीन काहीतरी घेऊन पुढं जाऊ नका. कशानं भडकते ते ध्यानात ठेवा अन् ते समोर आणू नका. मिरच्या बंद, सोडा बंद. अंग धुतलं का मऊ फडक्यानं टिपा, अन् ओलसर हाय तवाच खोबऱ्याचं तेल लावा, नाही तं धुतलेलं तूप. नवीन काही लावाचंच झालं तं कोपराच्या आतल्या अंगाले बोटभर लावा, अन् एक दिवस दम धरा."

"कोनाचं बोलून राह्यले तिकडं?" ओसरीवरून आवाज आला.

"कातडीचं!" पुष्पाबाई ओरडल्या.

घराला हा उपचार झटकन समजला. वर्षानुवर्षांचा सराव होता. फक्त एक बारीक प्रश्न उरला होता, की तूप धुणार कोण. धुतलेलं तूप म्हणजे काशाच्या ताटात तूप घ्यायचं, वर गार पाणी घालायचं, तळहातानं फेसायचं, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नवं घालायचं. असं शंभर पाण्यांतून काढलं की ते लोण्याहून पांढरं आणि हलकं होतं. कोकिळेचे हात सुजलेले. पुष्पाबाईंचे गुडघे धरलेले. ताट गोजरबाईच्या पुढ्यात आलं.

तेव्हापासून कोकिळा अंगणातल्या कडुलिंबाखाली बाजेवर बसू लागली आणि गोजरबाई तिच्यासमोर उकिडवी बसून तूप फेसू लागली. कोकिळेच्या नवऱ्यानं, निवृत्तीनं, बायकोच्या अंगाला जाडंभरडं बोचतं म्हणून खामगावहून मलमलीचं कापड आणलं. येताजाता बायका विचारायच्या, "आज कसं वाटते वं, कोकिळा?" कोकिळा मान वाकडी करून म्हणायची, "आज जराशीक आग हाय." ही बातमी संध्याकाळपर्यंत वेशीला पोचायची. गोजरबाईला बारा वर्षांत असं कोणी विचारलं नव्हतं. तिला लोक विचारायचे, "गोजरबाई, दळण झालं का?"

एकदा तिनं नवऱ्याजवळ विषय काढला. अर्जुनराव जेवत होते.

"अहो, मह्या अंगाले कवा काही होत नाही, नाही का?"

अर्जुनरावांनी कौतुकानं बायकोकडे पाहिलं. "तुले काय होते! तुही कातडी म्हणजे विहिरीवरच्या मोटीचं चामडं हाय. इतक्या वर्साची हाय, एक भोक नाही!"

त्यांच्या घराण्यात बायकोची याहून मोठी तारीफ कोणी केली नव्हती. गोजरबाईनं मात्र त्यांच्या ताटात वाढायची भाकर परत टोपल्यात ठेवली. त्या दिवशी तिनं ठरवलं की आपल्याही अंगावर काहीतरी उठलंच पाहिजे. फार नको. बाजेवर बसवतील, कोणीतरी एक वेळ आपल्यासाठी ताट पुढ्यात घेईल, एवढंच.

तिनं बिब्बा निवडला. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की माणूस उततो, फोड येतात, हे पोरासोरांनाही ठाऊक. सुईला बिब्बा टोचून तिनं तो दिव्यावर धरला आणि काळं तेल सुटल्यावर नर्सबाईंच्या सांगण्याप्रमाणे कोपराच्या आतल्या अंगाला बोटभर लावलं. बोटं पुसायला जे फडकं हाताशी लागलं त्याला पुसली. मग नर्सबाईंच्याच सांगण्याप्रमाणे तिनं एक दिवस दम धरला.

काही झालं नाही. काळा डाग तेवढा उमटला.

तिनं तो डाग सासूच्या नाकासमोरून दोनदा नेला. पुष्पाबाई म्हणाल्या, "तव्याले हात लागला वाट्टे. राखीनं घास." कोकिळेला राख मना होती. गोजरबाईला राखच सांगितली. दुसऱ्या दिवशी तिनं आणखी तेल लावलं. डाग मोठा झाला. एका गोष्टीचा तिला विसर पडला होता: दर हिवाळ्यात टाचांच्या भेगांत ती हाच बिब्बा कढत कढत भरत आली होती. तिची नि बिब्ब्याची जुनी ओळख होती. तो तिला काय करणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी घरात आरडाओरडा झाला. अर्जुनराव उठले ते डोळे न उघडता. डोळे उघडायला जागाच नव्हती. तोंड टम्म फुगलेल्या भाकरीसारखं, मानेभोवती फोडांची माळ. आदल्या दिवशी ते नवं उपरणं गळ्यात घालून बाजारभर हिंडले होते. गोजरबाईनं उपरण्याकडे पाहिलं. टोकाला तिच्याच बोटांचे काळे ओघळ होते.

"मह्यावालं पोरगं लहानपनापासूनच नाजूक!" पुष्पाबाईंनी गळा काढला. कोकिळा स्वतः बाजेवरून उठली आणि तिनं ती जागा भाऊजींना दिली. अर्ध्या गल्लीनं येऊन विचारलं, "कसं वाटते, अर्जुनराव?" अर्जुनराव, ज्यांना बैलानं पाय दिला तेव्हाही कोणाला कळलं नव्हतं, मान वाकडी करून म्हणाले, "जराशीक आग हाय."

आणि ताटात आता दुप्पट तूप आलं.

गोजरबाईला नवऱ्याची दया यायला हवी होती. ती आलीही. पण तिच्या पुढं, तिला ढकलून, दुसरंच काहीतरी आलं. जावेचा हेवा एकवेळ समजू शकतो. पण आपण लावलेला बिब्बा, आपण दम धरलेला, आणि उतला कोण, तर मोटीची उपमा देणारा! तिनं तूप इतक्या त्वेषानं फेसलं की पाणी कोकिळेच्या मलमलीवर उडालं.

सिंधूताई आल्या. त्यांनी अर्जुनरावांची मान पाहिली, उपरणं पाहिलं, आणि मग पाणी मागायच्या निमित्तानं न्हाणीजवळ येऊन गोजरबाईचं कोपर पाहिलं.

"काऊन केलं, बाई?" त्यांनी हळूच विचारलं.

गोजरबाईनं कोपर पदराखाली ओढलं. आता हे ओसरीवर कळलं की कपबशीच्या पाठोपाठ आपणही उकिरड्यावर, हे तिला दिसू लागलं. तरी ती खाली पाहत म्हणाली, "त्याइले काही कराचं नव्हतं. मलेच उताचं होतं. रोज तूप धुवा, अन् एक बोटबी आपल्याले नाही. कोनी पुसतबी नाही."

सिंधूताईंनी तिचा हात हातात घेतला. डाग सोडून तळवा उलटा केला. अंगठा फिरवून पाहिला. मग दुसरा तळवा. त्यांच्या तोंडावर काहीच हललं नाही.

"ते उपरणं जाळू नको, धुरानंबी उततात लोक. काडीनं उचलून पुरून टाक. अन् पुन्हा असे धंदे केले तं मीच ओसरीवर जाऊन सांगीन." असं म्हणून त्या अंगणात आल्या. अर्जुनरावांना म्हणाल्या, "बाजारात बिब्ब्याच्या ढिगापाशी टेकले असान कोठी." अर्जुनरावांना लगेच तसा ढीग आठवला. मग त्या पुष्पाबाईंकडे वळल्या, "अन् या घरात सगळ्यात नाजूक कातडी कोनाची हाय, ठाऊक हाय का?"

कोकिळेनं सवयीनं मान वाकडी केली.

"गोजरबाईची. तळहात पाहा. इतके दिवस तुपात मुरले, पोराच्या गालासारखे झाले. या हातानं आता मिरची खुडली का गेलेच म्हणून समजा."

पुष्पाबाईंनी हात लावून पाहिला. शेजारणींनी पाहिला. अर्जुनरावांनी एक डोळा बोटानं उघडून पाहिला. कोकिळेनं गोजरबाईचा तळवा आपल्या तळव्याजवळ धरला आणि तिचा चेहरा उतरला. मलमल तिची, बाज तिची, आग तिची, आणि हात असे? त्यावर कडी म्हणून एक शेजारीण म्हणाली, "कसं वाटते वं, गोजरबाई?"

"दळण झालं," गोजरबाईच्या तोंडून निघालं. दुसऱ्या प्रश्नाची सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत अंगणात काशाचं ताट वाजलं. गोजरबाई बाहेर आली तर कोकिळा ताटापुढं बसलेली, तळहात तुपात.

"कोकिळा, आन इकडं. तुले नाही सोसणार."

"राहू द्या, बाई. इतके दिवस तुमीच धुतलं," कोकिळा मोठ्या मायेनं म्हणाली आणि ताट आपल्याकडे ओढलं. "तुमी बसा ना बाजेवर. नर्सबाईनं सांगितलं, मिरच्याइले हात लावाचा नाही म्हणून."

"मंग मिरच्या कोन खुडते?" पुष्पाबाई घरातून ओरडल्या. अंगणात ताट तेवढं वाजत राहिलं. मग घरात त्यांच्याच पुढ्यात टोपली सरकल्याचा आवाज आला.

गोजरबाई बाजेवर बसली. आधी काठावर, मग जरा आत. अर्जुनराव सरकले. कोकिळेनं पांढरंशुभ्र तूप बोटांवर घेतलं आणि जावेच्या कोपरावरच्या काळ्या डागावर जरा जोरातच टेकवलं.

गोजरबाईनं डोळे मिटले आणि मान किंचित वाकडी केली.

"हलक्या हातानं, कोकिळा," ती म्हणाली. "कातडी रागीट हाय."