हद्दीपलीकडच्या तीन विहिरी

“दात पुन्हा घास,” बहीण लेकीला म्हणाली. “मामा बघतोय, लाज वाटू दे जरा.”

नऊ वर्षांची चिमी मोरीत उभी होती, सकाळपासून तिसऱ्यांदा. तिने चूळ भरली. ती लालसर निघाली. दातांवरचे तपकिरी पट्टे होते तसेच राहिले.

“आळशी आहे मेली. वर्गात कुणी शेजारी बसत नाही हिच्या.”

मामा पाणी खात्यात नकाशे काढणारा आरेखक होता. गेल्या महिन्यात त्याने इथल्या हापशाचं पाणी बाटलीत भरून नेलं होतं. दात डागाळणारं फ्लोराइड मर्यादेच्या तिप्पट निघालं. तपासणीचा तो कागद चार दिवस त्याच्या पिशवीत होता.

आठ वर्षांपूर्वी पाण्याचा नकाशा त्यानेच काढला होता. मोजलेल्या विहिरी विखुरलेल्या. संगणक नकाशाचे चौकोन पाडून आजूबाजूच्या विहिरींवरून प्रत्येक चौकोनाचा आकडा काढायचा. काठावरच्या चौकोनांना मात्र एकाच बाजूला विहिरी. जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे तीन विहिरी होत्या, त्यांची नोंद शेजारच्या जिल्ह्याच्या कचेरीत होती. एक पत्र पाठवायचं, नाहीतर ते चौकोन कोरे सोडायचे, हे त्याला पाठ होतं. साहेब म्हणाले, “कोपरा पांढरा वाईट दिसतो. सोमवारी नकाशा हवाय.” पत्र गेलं नाही. संगणकाने आतल्या विहिरींच्या आकड्यांचा कल तसाच पुढे ओढला आणि कोपरा हिरवा झाला. हिरवा म्हणजे पिण्याजोगा. तो बघूनच मेहुण्याने इथे घर बांधलं.

“तिला बोलू नकोस,” मामा म्हणाला. “पाण्याने झालंय ते.”

“काहीतरीच काय, दादा! आपण हिरव्यातले. तूच दाखवलं होतंस.”

“इथे मोजलंच नव्हतं. अंदाजाने भरलं.”

“तुला ठाऊक होतं?”

“होतं.”

शिव्या खायची तयारी करून तो आला होता. बहीण ओरडली नाही. तिने चिमीच्या हातातला ब्रश काढून घेतला.

“मारलं रे मी हिला,” ती म्हणाली. “दातांवरून.”

“मग आता जातील का, मामा?” चिमीने विचारलं.

“घासून नाही जायचे.”

बाहेर हापसा वाजू लागला. बहीण जागची हलली नाही. तोच अंगणात गेला.

“झालंच, दोनच बादल्या,” शेजारीण म्हणाली.

“हे पिऊ नका.”

“का बरं? नकाशात तर चांगलं आहे.”

“तो नकाशा मीच काढलाय.”

तिचा हात दांड्यावर तसाच थांबला. पाणी थोडा वेळ येत राहिलं.