सहीची किल्ली आणि उरलेली एक संधी

मित्रांनो, मी एक जुनी किल्ली आहे, पण कुलूप मात्र मी जन्मात उघडलेलं नाही. मी करंगळीएवढी आहे आणि मला संगणकात खोचतात. आमच्या दोन खोल्यांच्या कचेरीत ताई दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते, तिचा धाकटा भाऊ संगणक सांभाळतो. ताईचं काम झालं की पासवर्ड घेऊन मी त्यावर डिजिटल सही करते. माझी सही नसेल, तर दवाखान्याचे संगणक त्या सॉफ्टवेअरला दारातही उभं करत नाहीत. माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. पासवर्ड सारखा चुकला, तर मी कायमची तोंड मिटून घेते.

एका दुपारी तसंच होणार होतं. लहान मुलांच्या दवाखान्यात औषधाची मात्रा काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडली होती. ताईने ती दुरुस्त केली, पण माझी सही होईपर्यंत तिथल्या नर्सबाई प्रत्येक मुलाची मात्रा हाताने काढत होत्या. ताईने मला खोचलं आणि पडद्यावर आलं, 'एकच संधी शिल्लक'.

"अरे, मी आज पासवर्ड टाकलाच नाहीये!" ताई भावाला म्हणाली.

"कालच तर मी नवा ठेवलाय. टाक ना पटकन, नर्सबाईंचा परत फोन आलाय," भाऊ म्हणाला.

"आणि तेवढ्यात ही एक संधीपण गेली तर? नवी किल्ली यायला आठवडा जाईल!" तिने मला उपटून मुठीत घट्ट धरलं.

कोण आलं, कोणाला अडवलं, हे संगणक स्वतःच लिहून ठेवतो. ताईने त्या नोंदी उघडल्या, तर सगळा शुकशुकाट.

भाऊ कान खाजवत म्हणाला, "फार पसारा व्हायचा गं, म्हणून मीच बंद केल्या."

ताईने डोळे वटारले, नोंदी सुरू केल्या आणि माझ्या जागी एक कोरी किल्ली लावली, म्हणजे संधी गेल्या तरी तिच्याच जातील आणि छळणारा सापडेल. थोड्याच वेळात नोंद उमटली. भावाने सह्या आपोआप व्हाव्यात म्हणून एक प्रोग्राम लावून दिला होता. नवा पासवर्ड त्याला द्यायचा राहिला होता, आणि तो बिचारा इमानेइतबारे जुनाच टाकत बसला होता! भावाने कपाळावर हात मारला आणि तो बंद केला.

मग ताईने मला परत खोचलं, एकेक अक्षर जपून टाकलं आणि मी सही केली. थोड्या वेळाने नर्सबाईंचा फोन आला. "आलं हो ताई, बरोबर दाखवतंय. आता जरा मुलांजवळ बसते." माझा जीव भांड्यात पडला.

माझी सही खरी असल्याची ग्वाही देणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत आता संपत आली आहे. नवी किल्ली आली की मी खणात जाईन. त्याचं मला वाईट वाटत नाही, कारण मुदतीत केलेल्या सहीवर वेळेचा शिक्का असतो आणि ती नंतरही खरी मानतात. मित्रांनो, मागणं एवढंच, नवी किल्ली 'नाही' म्हणाली तर घाईने तिच्यावर पासवर्ड आपटू नका. आधी तिला कोण छळतंय ते बघा. तिच्या सहीची वाट कुठेतरी एखादं आजारी मूल बघत असेल.