साहेब जेवल्याशिवाय

"साहेबांना खुर्ची द्या रे कोणीतरी," म्हणत माझे सासरे खाटेवरून उठू लागले, तेव्हा मी आधी वळून दाराकडे पाहिलं. दारात कोणीच नव्हतं. खोलीत आम्ही घरचेच: मी, मोठे दीर गणपतराव, जाऊबाई इंदू, त्यांची मुलगी अपूर्वा, आणि मऊ भाताची वाटी घेऊन उभे असलेले माझे यजमान भास्कर. आबा हात जोडून यांच्याकडेच वळले होते.

"आबा, मी भास्कर," हे म्हणाले.

आबांनी मान खाली घातली. साहेबाच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, एवढं त्यांना पक्कं आठवत होतं.

चूक आबांची नव्हती. यांचे केस तेव्हा सोनेरी होते. नुसते केसच नाहीत, भुवया आणि मिशीसुद्धा. माझा नवरा देवासला पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून आहे, आणि लग्न झाल्यापासून मी त्याला महाराष्ट्र समाजाच्या गणपतीतल्या नाटकात भालदार, पोस्टमन, नाहीतर शेजारी क्रमांक दोन झालेला पाहत आले आहे. यंदा संस्थानी काळातलं नाटक निघालं आणि गोऱ्या पोलिटिकल एजंटचं काम यांच्या वाट्याला आलं. चांगली भरपूर वाक्यं होती. भाड्याचा टोप रंगीत तालमीत कानावर घसरला, तर दुकानात शर्ट घेतानाही मला विचारणारा हा माणूस कोणाला न सांगता पार्लरमध्ये जाऊन बसला. घरी आले तेव्हा मी भिंतीला टेकून हसले. पन्नाशी उलटल्यावर माणसाला काय सुचेल सांगता येत नाही.

पण नाटकात त्यांनी कमाल केली. दुसऱ्या प्रवेशाला तर तोंड उघडण्याआधीच टाळ्या पडल्या. मला त्यांचा फार अभिमान वाटला. तसं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारहून दादांचा, म्हणजे माझ्या दिरांचा, फोन आला. आबांनी जेवण सोडलं होतं. आबांना आता माणसं आठवत नाहीत. ओळखतात ते फक्त यांना, आणि जेवतात तेही यांच्याच हातून मनापासून. रात्रंदिवस त्यांचं करणाऱ्या दादांना त्याचं वाईट वाटतं, पण ते बोलत नाहीत. हे दर रविवारी धारला जायचे. नाटकाच्या तालमींत ते रविवार बुडाले होते. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर दवाखान्यात न्या, नाकातून नळी घालावी लागेल. शेजारच्या भैयासाहेबांना तशी नळी घातली होती. ते ती उपसून काढायचे, म्हणून त्यांचे हात खाटेला बांधलेले आम्ही पाहिले होते.

आम्ही तसेच बसमध्ये बसलो. कंडक्टरने यांना इंग्रजीत तिकीट विचारलं. हे मालवी बोलीत बोलले तेव्हा तो म्हणाला, "अरे भिया, तुम तो अपने ही निकले." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

आबांचे वडील धार संस्थानच्या पाहुणेघरात नोकरीला होते. लहानगे आबा त्यांच्या मागे ताटं-पाणी घेऊन फिरायचे. साहेबापुढे बसायचं नाही, आणि साहेब जेवल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. साऱ्या आयुष्यातलं आता तेवढंच त्यांच्याजवळ राहिलं होतं. चमचा पुढे आला की ते मागे सरकून म्हणायचे, "आधी साहेबांचं होऊ द्या." शेवटी यांनी समोर बसून दोन घास खाऊन दाखवले. तर आबा म्हणाले, "आता साहेब आराम करतील," आणि थरथरत्या पायांवर उभेच राहिले. साहेब खोलीतून हलल्याशिवाय ते बसेनात, आणि साहेब हलले की भरवणारा कोणी नाही. अपूर्वाने चार चमचे साखरपाणी कसंबसं पाजलं.

टोपी घालून पाहिली. भुवया आणि मिशी कुठे लपवणार? दादा चाचरत म्हणाले, सगळंच न्हाव्याकडून काढून टाकू. जाऊबाईंनी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही.

"आबा खाटेवर आहेत, आणि घरातल्या पुरुषाची मिशी उतरवायची? ती कधी उतरवतात, माहीत नाही का तुम्हाला?"

दादांनी कानाला हात लावला.

मग जाऊबाईंनी आपली नीळ काढली. केसांना लावायची ती हिरवी पूड. तिच्यावर त्यांचे केस साठीतही कोळशासारखे काळे. आधी लाल मेंदी, मग नीळ, हा त्यांचा दर महिन्याचा रिवाज. पण मेंदीला वेळ फार लागतो आणि आम्हाला घाई. काळं तर निळीनेच होतं, असं म्हणून आम्ही दोघींनी पहिली पायरी गाळली आणि यांच्या डोक्याला, भुवयांना, मिशीला नीळ थापली. धुतल्यावर यांनी टॉवेल काढला, आणि अपूर्वा तोंड दाबून अंगणात पळाली. साहेब हिरवे झाले होते. विहिरीतलं शेवाळ असतं तसे.

आम्ही हसलो. दादासुद्धा हसले. हे मात्र आरशापुढून उठले नाहीत.

"विनोदिनी," ते म्हणाले, "दोन टाळ्यांसाठी मी बापाचं एकुलतं ओळखीचं माणूस घालवलं गं."

मला एकदम रडूच आलं. तीस माणसांत भाला धरून उभं राहणाऱ्याने एकदा पुढे यायचं म्हटलं, तर त्यात कसला गुन्हा? पण हे बोलून त्या वेळी कोणाचं पोट भरणार होतं?

अपूर्वाने देवासच्या पार्लरवालीला फोन लावला. "काकू, दीदी म्हणतात ब्लीचनं केसातला लालपणाच निघून गेला ना, मग डायरेक्ट नीळ लावली तर हराच होणार. पहिले लाल चढवा, मग नीळ. मम्मीच्या केसात मेंदी पहिलेच असते, म्हणून तिला जमतं."

"मी दर महिन्याला करते तेच केलं नाही मेलं," जाऊबाई म्हणाल्या आणि मेंदी भिजवायला उठल्या.

संध्याकाळभर यांचं डोकं मेंदीखाली होतं. धुतल्यावर हे तांबडे झाले. मग नीळ. भुवयांना जुन्या टूथब्रशने, मिशीला काडीने. दादा आरसा धरून बसले होते आणि मधूनमधून नाटकातली वाक्यं म्हणायला सांगत होते. सकाळपर्यंत केस काळेभोर झाले. कानाजवळचे पांढरेही गेले. आमच्या लग्नात दिसले होते त्याहूनही हे जरा बरे दिसत होते.

वाटी घेऊन हे आत गेले. आम्ही सगळे दारातच थांबलो. माझा हात जाऊबाईंनी इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

आबांनी बराच वेळ पाहिलं.

"भास्कर, इतका उशीर?"

"कचेरीत काम होतं, आबा."

"भूक लागलीय रे."

आबांनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला मेतकूट हवं म्हणाले. दादा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. नळी नको, दवाखाना नको, काही नको. जाऊबाई मेतकूट आणायला धावल्या.

"साहेब गेले?" आबांनी विचारलं.

"गेले, आबा."

"नीट पोचवलंत ना?"

"बसपर्यंत पोचवलं."

आबांनी मान हलवली आणि घास सावकाश गिळला. "भला माणूस. काल डोळा उघडला तर इथे बसून माझे पाय चेपत होता. मी नको नको म्हणत होतो, पण साहेबापुढे पाय ओढून कसा घ्यायचा?"

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी मला सांगितलं नव्हतं. दुपारी आम्ही स्वयंपाकघरात नीळ कालवत होतो, तेव्हाचीच गोष्ट असणार.

"रडत होता रे," आबा म्हणाले. "परमुलखात आलेला. बापाची आठवण येत असेल."

"येत असेल, आबा," हे म्हणाले, आणि त्यांनी पुढचा घास कालवला.